मागे ऐकू येतंय का

घशाच्या ऑपरेशनमध्ये माझ्या मोठ्या भावाची स्वरपेटी काढून टाकली. शुद्धीवर आल्यावर त्याने खुणेने लिहायला काहीतरी मागितलं. वहिनी धावत खाली गेल्या आणि दवाखान्याबाहेरच्या खेळण्यांच्या टपरीवरून जादूची पाटी घेऊन आल्या. काडीने लिहायचं आणि वरचा पारदर्शक कागद उचलला की सगळं गायब, अशी ती पाटी. कडेला पिवळं बदक. आयुष्यात कधी फाजील विनोद न केलेल्या माझ्या भावाने त्या बदकाशेजारी लिहिलं, 'पोरीचं लग्न मीच लावणार.'

आम्ही वाचलं. मग त्याने कागद उचलला आणि वाक्य गेलं. पण ते वहिनींच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण लग्न ठरलेलं होतं आणि लग्न लावायला तोंड लागतं.

दादा बौद्धाचार्य होता. आमच्यात लग्नाला भटजी नसतो. आपल्यातलाच एक शिकून तयार झालेला माणूस विधी करतो. दादा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात फिटर. आठवडाभर ग्रीसमध्ये हात आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा, पांढरी विजार. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून जांभूळ गावापर्यंत किती संसार त्याच्या आवाजावर उभे राहिले याचा हिशेब त्याने ठेवला नाही, मीही सांगणार नाही. विधीची रीत साधी. तो एक ओळ म्हणणार आणि सगळा मंडप ती ओळ त्याच्यामागून म्हणणार. म्हणून सुरुवातीला माइक हातात घेतला की तो विचारायचा, "मागे ऐकू येतंय का?" शेवटच्या रांगेतून कोणीतरी "येतंय" म्हणेपर्यंत पुढे जायचा नाही. एकदा मागचे सगळे पाणी प्यायला उठून गेले होते, तर हा थांबून राहिला. नवरदेव घामाने निथळला. मी म्हटलं, "दादा, कर ना सुरू." तर म्हणाला, "मागच्याला ऐकूच आलं नाही तर तो म्हणणार काय?"

आता मी कोण ते सांगतो. मी धाकटा. अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचो आणि उरलेल्या वेळात मला कॉम्प्युटरचा नाद होता. साधा नाद नाही, लिनक्सचा. त्या काळात आमच्याकडे कॉम्प्युटर घेतला की उल्हासनगरच्या बाजारातून सीडी आणायची, विंडोज टाकून घ्यायचं आणि त्याला कोणी चोरी म्हणायचं नाही. मी म्हणायचो. बारशाला म्हणायचो, पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून म्हणायचो. हे बघा, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. जिलेबीवाला पुढे सरकायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये काही दिवस असा समज होता की मी कुठल्यातरी बुवाच्या नादी लागलोय आणि लिनक्स हे त्या बुवाचं नाव आहे.

दादा मात्र ऐकून घ्यायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "झाकण उघडतं का?" मी म्हटलं, उघडतं. तो म्हणाला, "मग बरं आहे. ज्याचं झाकण उघडत नाही त्या मशीनवर माझा भरवसा नाही." नंतर थोडं थांबून म्हणाला की धम्माचंही तसंच आहे, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, या आणि स्वतः बघा. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रचारात कोणाला पटलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तीही त्याने माझ्याहून चांगली सांगितली.

ऑपरेशननंतर माझ्या डोक्यात पहिला विचार साहजिकच आला. दादाने इतकी लग्नं लावली, प्रत्येक लग्नाचं शूटिंग झालं. कुठूनतरी त्याचा आवाज मिळेलच. तो काढू, ओळी जोडू, लग्नात लावू. मी घरोघर फिरून सीडी आणि कॅसेटी गोळा केल्या. दादा, वहिनी, पुतणी आणि मी, रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसलो.

पहिली सीडी लावली. मंडप, हार, पांढऱ्या साड्या. दादा माइकसमोर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि सनई सुरू झाली. दुसऱ्या सीडीत दादाने तोंड उघडलं आणि हिंदी सिनेमातल्या बाईने गायला सुरुवात केली. तिसरीत बासरी. शूटिंगवाल्यांची रीतच ती. विधी आला की आवाज बंद करून वर गाणं टाकायचं, म्हणजे सीडी गोड होते. वर्षानुवर्षं दादाचे ओठ हलत होते आणि प्रत्येक वेळी आवाज दुसऱ्याचा होता. पुतणी आधी हसली. मग हसायची थांबली. वहिनी पदराला हात पुसत नुसत्या बघत राहिल्या.

एका जुन्या कॅसेटमध्ये मात्र गाणं टाकणाऱ्याची वेळ थोडी चुकली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी खरखर आली आणि त्या खरखरीतून दादा म्हणाला, "हॅलो. मागे ऐकू येतंय का?"

आणि लगेच सनई.

 मी मागे फिरवून पुन्हा लावलं. "हॅलो. मागे ऐकू येतंय का?" तेवढाच. सगळ्या जन्माच्या बोलण्यातून तेवढाच उरला होता. मी तो तुकडा कॉम्प्युटरवर घेतला, खरखर जमेल तेवढी काढली आणि जपून ठेवला. पण एका प्रश्नावर लग्न लागत नाही.

विहाराचे अध्यक्ष घरी आले ते याच सुमारास. माणूस चांगला, बोलणं मऊ. चहा घेतला, दादाच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग म्हणाले, "दादा, आता तुम्ही मुलीचे वडील म्हणून पुढे बसा. विधीला आपण अंबरनाथचे आचार्य बोलावू. आवाज खणखणीत आहे त्यांचा."

दादाने पाटी घेतली. 'माझे हात चालतात. डोळे चालतात.'

"ते खरं हो. पण लोक म्हणणार कोणाच्या मागून?"

 दादाने कागद उचलला आणि पाटी कोरीच अध्यक्षांसमोर धरली. मी त्याला इतक्या वर्षांत कधी निरुत्तर झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "अध्यक्ष, आवाजाचं मी बघतो."

"तुम्ही म्हणणार?"

"मी नाही. लॅपटॉप म्हणेल."

अध्यक्षांनी माझ्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं. घरात आजारी नक्की कोण आहे असा त्यांना प्रश्न पडला असावा. जाताना म्हणाले, "बघा. पण अंबरनाथच्या आचार्यांना मी आमंत्रण देऊन ठेवतो. असू द्या मंडपात."

लॅपटॉप मी उल्हासनगरच्या बाजारात हेरून ठेवला होता. तेव्हा नुकतेच ते वहीएवढे छोटे, स्वस्त लॅपटॉप निघाले होते आणि काहींत कंपनीनेच लिनक्स टाकलेलं असायचं. सिंधी दुकानदाराच्या शेल्फवर तो चार्जर आणि माऊसच्या गर्दीत धूळ खात पडला होता. मी बोट दाखवलं तर दुकानदाराचा चेहरा पडला.

"साईं, वो मत लो. वो शोपीस है."

"क्यूं? चलता नहीं?"

"चलता है. पण उसमें विंडोज नहीं, कुछ दुसरा ही है. तीन गिऱ्हाइकांनी परत आणला. रुको, मैं विंडोज डाल देता हूं, फुकट."

"त्यातलं काढू नका. त्याच्यासाठीच घेतोय."

त्याने गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना हाक मारली आणि सिंधीत काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा वर करून मला नीट पाहिलं. असं गिऱ्हाईक पुन्हा दिसणार नाही असं त्याला वाटलं असणार. त्याने स्वतः उठून फडक्याने लॅपटॉप पुसून दिला आणि म्हणाला, "संभालना, साईं." ते लॅपटॉपविषयी म्हणाला की माझ्याविषयी, ते कळलं नाही.

लिखित मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम लिनक्सवर फुकट मिळायचा. तो हिंदी वाचायचा. मराठीचं त्याला वावडं होतं आणि पाली तर त्याच्या बापाने ऐकली नव्हती. पहिल्यांदा त्रिशरणाची ओळ टाकली तेव्हा तो ती अशी म्हणाला, की जणू रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याची सूचना आहे. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भावजी, हा माणूस कोण?"

"हा दादाचा नवा आवाज."

"याला सर्दी झालीय."

पण इथेच माझा धर्म कामाला आला. त्या प्रोग्रामचं झाकण उघडायचं. कुठलं अक्षर कसं म्हणायचं, कुठल्या शब्दाचा शेवट गिळायचा आणि कुठला नाही, हे सगळे नियम साध्या मजकुरात लिहिलेले होते. कोणीही उघडावं आणि दुरुस्त करावं. मी बदलायचो, दादा ऐकायचा, पाटीवर लिहायचा, 'शेवट खाल्ला.' मी बदलायचो. 'आता जास्त ताणला.' पुन्हा. त्याच्या कारखान्यात म्हणे धातूचा तुकडा बसेपर्यंत असाच कानस मारत राहायचे, थोडं घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. फिटरच्या कामाला आणि माझ्या नादाला एकच हात लागतो हे मला त्या दिवसांत कळलं. ळ काही केल्या जमेना. तो म्हणण्याची बरोबर तऱ्हा कळावी म्हणून मी सायबर कॅफेतून प्रोग्राम बनवणाऱ्याला पत्र पाठवलं. कुठल्या देशातला होता देव जाणे, कधी भेट नाही. त्याचं उत्तर आलं की तुमचा तो आवाज बोलून पाठवा. मग मी माइकसमोर बसून कमळ, बाभूळ, सकाळ, वादळ, मंगळ असं म्हणत राहिलो. वहिनी पुतणीला म्हणाल्या, "तुझ्या काकांकडे लक्ष ठेव गं."

काही दिवसांनी नव्या नियमांची फाइल आली. दादाने ओळ लावली. ळ बसला होता. पूर्ण नाही, थोडा कडेला. दादाने पाटीवर लिहिलं, 'त्यांना आभार कळव.' आणि खाली, 'ओळख ना पाळख.'

मी सगळा विधी एकापाठोपाठ आपोआप चालेल असा बसवला होता. दादाने ते मोडायला लावलं. लोकांचं म्हणून झाल्याशिवाय पुढची ओळ येता कामा नये, म्हणून प्रत्येक ओळ त्याच्या बोटाच्या दाबावर आली पाहिजे. मग मी तसं केलं. तो जुना तुकडाही एका कळीवर ठेवून दाखवला. "हॅलो. मागे ऐकू येतंय का?" त्याने ऐकलं. पुन्हा दाबलं. पाटी घेतली, काडी टेकवली, काही लिहिलं नाही. मी तो तुकडा तिथेच राहू दिला.

प्रतिज्ञा मात्र त्याने स्वतः टाइप केल्या. वराने घ्यायच्या आणि वधूने घ्यायच्या. एका बोटाने, नीटनेटक्या, आकडे घालून. मी म्हटलं, "दादा, आकडे यंत्र वाचेल." त्याने लिहिलं, 'यादी बिनआकड्याची नसते.' फिटर माणूस. मी आकडे राहू दिले.

लग्न विहाराशेजारच्या मैदानात होतं. मे महिना. आमच्या बदलापुरात तेव्हा लोडशेडिंग होतं आणि वीज कधी जाते ते सगळ्यांना पाठ होतं. त्याच्या आत उरकायचं म्हणून सकाळची वेळ ठरवली होती आणि म्हणूनच जनरेटर सांगितला नव्हता. पण वरात उल्हासनगरहून निघाली आणि वरात वेळेवर यावी असा कुठल्याच धर्मात नियम नाही. नाचत नाचत ती आली तेव्हा मंडपातली पोरं तिसऱ्यांदा सरबत मागत होती.

दादा पांढरा सदरा घालून, गळ्याला पांढरा रुमाल बांधून उभा राहिला. समोर छोट्या टेबलावर लॅपटॉप, त्यातून निघालेली वायर साउंडवाल्याच्या मशीनला. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. खुर्च्यांत कुजबुज होती. मुलाचा मामा बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाला, "आता लग्न टेपरेकॉर्डर लावणार का?" अंबरनाथचे आचार्य पहिल्या रांगेत हातावर हात ठेवून शांत बसले होते. खरंच खणखणीत आवाजाचा माणूस, आणि मला ते तिथे बघवत नव्हते.

दादाने प्रतिमांना वंदन केलं आणि कळ दाबली. लाउडस्पीकरमधून तो सपाट, परका आवाज निघाला. क्षणभर कोणी काही म्हणालं नाही.  दादाने वर पाहिलं, हात जोडलेलेच ठेवले आणि थांबला. जसा तो नेहमी थांबायचा तसाच. मग पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने ओळ उचलली आणि तिच्यामागून सगळ्यांनी. दादाने पुढची ओळ दाबली. यंत्र जिथे जिथे थोडं चुकत होतं, तिथे तिथे मंडपही तसाच चुकत होता. पुढचा म्हणेल तसंच म्हणायची सवय हाडात मुरलेली. आयुष्यभर शुद्ध म्हणणारी माणसं त्या दिवशी माझ्या लॅपटॉपच्या उच्चारात पंचशील म्हणाली.

मग वराच्या प्रतिज्ञा. अध्यक्षांनी मुलाला समजावलं होतं, "जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं." दादाने कळ दाबली.

यंत्र म्हणालं, "एक."

मुलगा म्हणाला, "एक."

मंडप हसला. मामा तर खुर्चीतून घसरला. मुलगा बिचारा लाल झाला, पण शब्दाचा पक्का. प्रतिज्ञा म्हणाला आणि पुन्हा "दोन" आलं तर "दोन" म्हणाला. पुढच्या आकड्यांना पोरंही त्याच्याबरोबर ओरडायला लागली. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा हसत होत्या. आकडे त्याने मुद्दाम ठेवले की काय, हा संशय मला तेव्हा आला आणि अजून आहे.

वराच्या प्रतिज्ञा संपल्या. पुतणी हात जोडून पुढे झाली. दादाने बोट कळीवर नेलं आणि वीज गेली.

पंखे थांबले. लाउडस्पीकर एकदा कण्हला आणि मेला. मंडपभर एकदम बोलणं सुरू झालं, लहान मुलं रडायला लागली, कोणीतरी साउंडवाल्याला हाक मारली आणि साउंडवाल्याने दोन्ही हात वर केले. अध्यक्ष वाकून अंबरनाथच्या आचार्यांच्या कानाशी काही बोलले. ते उठले. त्यांनी सदरा सारखा केला आणि संकोचाने दोन पावलं पुढे आले. त्यांचा दोष नव्हता. तेवढ्या गोंगाटावर फक्त त्यांचाच आवाज चढला असता. राहिलं होतं ते एवढंच, मुलीच्या प्रतिज्ञा. दादाच्या स्वतःच्या मुलीच्या.

दादाने त्यांच्याकडे पाहून हात वर केला. थांबा. मग खाली वाकला आणि लॅपटॉपच्या कडेला खोचलेली साउंडवाल्याच्या वायरीची पिन शांतपणे उपसली. पडदा उजळलेलाच होता, त्याची बॅटरी चालू होती. दादाने एक कळ दाबली.

"हॅलो. मागे ऐकू येतंय का?"

स्वस्तातल्या लॅपटॉपचा स्पीकर तो, बोटाच्या पेराएवढा. आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नसेल. पण पहिली रांग दगडासारखी झाली. वहिनींनी तोंडावर पदर दाबला. पुतणीने झटकन मान वळवून बापाकडे पाहिलं, त्याच्या ओठांकडे. ओठ बंद होते.

पहिल्या रांगेतली तीच म्हातारी मागे वळली आणि मागच्या बाईला म्हणाली, "विचारतोय, मागे ऐकू येतंय का." त्या बाईने आपल्या मागच्याला सांगितलं. प्रश्न रांगेमागून रांग मागे सरकत गेला आणि जिथून जाईल तिथला गोंगाट मिटत गेला. बाया मुलांना मांडीवर घेऊन गप्प करू लागल्या. कोणीतरी भांडी घासणाऱ्यांना हात केला. मंडपाच्या टोकाला, कनातीला टेकून उभ्या असलेल्या लोकांपर्यंत तो पोचला. त्यांना लॅपटॉपमधलं एक अक्षरही ऐकू आलेलं नव्हतं, येणं शक्यच नव्हतं.

तिथून कोणीतरी म्हणालं, "येतंय."

दादा तेवढ्यासाठीच थांबला होता. अंबरनाथचे आचार्य आल्या पावली मागे गेले आणि खाली बसले. त्या उन्हात, त्या गच्च भरलेल्या मंडपात इतकी शांतता झाली की पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली. दादाने बोट पुढच्या कळीवर ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं.

यंत्र म्हणालं, "एक."

पुतणी म्हणाली, "एक."

या वेळी कोणी हसलं नाही.